चोवीस डिग्रीची बेरीज

प्रताप नगर, नागपूर
७ एप्रिल २०२५

ती. धम्मानंद मामाजींना मेघाचा जयभीम.

किती वर्षांनी तुम्हाला पत्र लिहिते आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या सुट्ट्यांमध्ये पवनीला तुमच्या दुकानात बसून मी टीव्ही उघडायला शिकले. लग्नानंतर मात्र साधी खुशालीही कळवली नाही. काम पडलं तेव्हा मामाची आठवण झाली, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे.

आमच्या बेडरूमच्या एसीचं रिमोट नाही. हिमानी आता चौदा महिन्यांची आहे. दोन तारखेला तिला ताप चढला आणि झटका आला. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. मिनिटभरच, पण मला वाटलं, गेली. डॉक्टरांनी सांगितलं आहे की उन्हाळाभर हिला झळ लागू देऊ नका. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची, बेडरूम पश्चिमेला. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. कूलर अश्विननी मागच्या वर्षी विकून टाकला. रिमोट नसताना एसी चालू आणि बंद करायचा काही मार्ग असेल तर लवकर कळवा.

उत्तर माझ्या नावाने पाठवू नका. खालच्या मजल्यावर अरुंधतीताई राहतात, साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांचा पत्ता मागे लिहिला आहे. फोन कोणालाच करू नका, अश्विनला तर मुळीच नाही.

तुमची
मेघा

पवनी
११ एप्रिल २०२५

चि. मेघास मामाचा जयभीम.

तुझं अक्षर पाहून तुझ्या मामीनं पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. पोरीले जप. ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा.

रिमोट हरवलं तर एवढं घाबरायचं काहून? एसीच्या पुढची झडप वर उचल. उजव्या बाजूले एक बारीक बटण राहते, ते दाबलं की एसी सुरू होते, पुन्हा दाबलं की बंद. नाहीच जमलं तर या पत्रासोबत एक युनिव्हर्सल रिमोट पाठवून राहिलो. त्यात हजार कंपन्यांचे कोड भरले आहेत. एकेक लावून पाहायचा, एसीनं बीप केलं की आपला कोड भेटला समजायचं.

तुझा भाऊ मोहित अश्विन जावईबापूंच्याच प्लांटमध्ये आहे न बुटीबोरीले? त्यालेही दोन ओळी लिहितो, म्हणजे तो नवं रिमोट शोधून आणून देईल. अन् पत्र शेजारणीच्या पत्त्यावर काहून, ते नाही समजलं वं मले.

मामा

प्रताप नगर
१८ एप्रिल २०२५

मामाजी,

मोहितला लिहू नका. हात जोडते. लिहिलं नसेल तर बरं झालं.

रिमोट हरवलेलं नाही. अश्विन ते रोज बॅगेत घालून कंपनीत नेतात. संध्याकाळी आले की लावतात, सकाळी निघताना बंद करून रिमोट बॅगेत. मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा नेलं तेव्हा मला वाटलं चुकून गेलं. विचारलं तर हसून म्हणाले, "तुझ्या वागण्यावर आहे." कोणत्या वागण्यावर ते सांगत नाहीत. ओरडत नाहीत. हात उचलत नाहीत. दारू नाही. आईला सांगून पाहिलं, ती म्हणाली, असा नवरा शोधून सापडत नाही. मोहितची नोकरी त्यांनीच लावून दिली, तो त्यांच्याच हाताखाली आहे.

माझा फोन रोज रात्री ते बघतात. हॉलमध्ये कॅमेरा आहे, त्यात बाहेरचं दार आणि सोफा दिसतो, ते कंपनीतून मोबाईलवर पाहतात. भाजीसाठी खाली जायला मला पंधरा मिनिटं आहेत. त्यातली आठ मी अरुंधतीताईंकडे काढते.

तुम्ही सांगितलेलं बटण मला माहीत होतं. मागच्या वर्षी दोन दिवस मी त्यावर एसी चालवला. तिसऱ्या दिवशी झडप उचलली तर बटण नव्हतं, मुळापासून मोडून काढलेलं. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही.

युनिव्हर्सल रिमोटचे हजारही कोड तीन दुपारी बसून लावले. एकालाही बीप आलं नाही. कुठल्या तरी जुळणी करणाऱ्या कारखान्याचा एसी आहे, यादीत नसावा. ते रिमोट अरुंधतीताईंकडे ठेवलंय. घरात सापडलं असतं तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. काय होईल ते माहीत नसणं, मामाजी, हेच सगळ्यात वाईट आहे.

कोड आपण स्वतः शोधू शकतो का? माझ्या डिप्लोमा प्रोजेक्टचा सर्किट बोर्ड ट्रंकेत आहे. अरुंधतीताईंच्या मुलीचा जुना कॉम्प्युटर आहे.

मेघा

पवनी
२२ एप्रिल २०२५

मेघा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान उघडलं नाही. तू म्हणशील तर उद्या गाडी पकडून येतो अन् तुले घेऊन जातो. पण तू कोड मागितला, मामा नाही मागितला. म्हणून आधी कोडचंच लिहितो. मोहितचं तू जे बोलली ते ध्यानात आहे.

डबीत तीन पायांचा काळा डोळा पाठवला, तो तुझ्या बोर्डाले जोड. रिमोटचा उजेड आपल्याले दिसत नाही, याले दिसते. रिमोट त्या उजेडाची उघडझाप करते. दोन चमकांच्या मधात अंधार थोडा असला तर शून्य, जास्त असला तर एक. बस, एवढीच त्याची भाषा. पण टीव्हीचं रिमोट एका वेळी एकच बटण सांगते, अन् एसीचं रिमोट दर वेळी सारं पाठांतर म्हणून दाखवते: चालू की बंद, थंड की नुसती हवा, झडप हलती की थांबली, किती डिग्री. शेवटी आतापर्यंतच्या आकड्यांची बेरीज. बेरीज जुळली नाही तर एसी ऐकून न ऐकल्यासारखं करते, बीपही देत नाही.

म्हणून एकच कोड पकडून भागत नाही. चोवीसचा पकड, सव्वीसचा पकड, बंदचा पकड. काय बदलते ते पाहून बाकीचं काढता येते. पकडताना रिमोट अन् डोळा दोन्ही गोधडीत गुंडाळ, म्हणजे एसीले दिसणार नाही अन् बीप वाजणार नाही. रिमोट हातात भेटेल अशी वेळ आहे का?

मामा

प्रताप नगर
३० एप्रिल २०२५

मामाजी,

वेळ आहे. सकाळी साडेसहाला ते अंघोळीला जातात, सात मिनिटं लागतात. रिमोट तेवढा वेळ उशीजवळ असतं.

सोमवारी चोवीसचा पकडला. मंगळवारी सव्वीसचा. गोधडीत बटणच सापडेना. नळ बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा वायर अजून रिमोटखाली होती. ती तोंडात धरून हिमानीला उचललं आणि किचनमध्ये गेले. बोर्ड साखरेच्या डब्यामागे असतो.

बंदचा आज पकडणार होते. आज ते रिमोट टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये घेऊन गेले. एक वर्षात कधी नेलं नव्हतं. दार लावताना माझ्याकडे पाहिलं, रोज पाहतात तसंच. त्यांना कसं कळलं? बोर्ड जागेवर आहे. अरुंधतीताई कोणाशी बोलणाऱ्या नाहीत. दिवसभर मी तेच तेच आठवते आहे, कुठे चुकले.

अरुंधतीताईंच्या कॉम्प्युटरवर वाचलेले चोवीसचे सहा गट असे: ०१०१०११०, ०००१०००१, ००१०१००१, ०००११०००, ००००००००, १०१०१०००. सव्वीसला फक्त चौथा आणि सहावा बदलतो: ०००११०१० आणि १०१०१०१०.

आता चालू करता येईल, पण बंद करता येणार नाही. एसीचा मेन स्विच पाडला तर तो थांबतो, मात्र स्विच पुन्हा लावताच आपोआप सुरू होतो, आणि संध्याकाळी तो स्विच तेच लावतात. त्यांना कळेल. बंदच्या कोडशिवाय मी हात लावणार नाही. आज पारा चव्वेचाळीसच्या वर आहे. ओल्या चादरी खिडकीला लावल्या, अर्ध्या तासात वाळतात.

मेघा

पवनी
५ मे २०२५

मेघा,

तू जीव धोक्यात घालून आणलेले आकडे मी तीन दिवस कागदावर मांडून पाहून राहिलो. चौथा गट म्हणजे डिग्री, शून्य-एकाच्या मोजणीत सरळ चोवीस अन् सव्वीस. सहावा गट म्हणजे आधीच्या पाचांची बेरीज, जुळते. पहिले दोन कंपनीची खूण असणार, पाचवा रिकामा. राहिला तिसरा. त्यात तीन एक आहेत: एक 'चालू'चा असणार, एक 'थंड'चा, एक झडप हलवायचा. कोणता कोणाचा, ते एसीले विचारल्याशिवाय समजत नाही.

म्हणून पेटीच बनवून पाठवून राहिलो, साबणाच्या डबीएवढी. लाल बटण दाबलं की चोवीसवर चालू. काळ्या बटणासाठी सोळा बारीक खटके आहेत. वरच्या ओळीत तिसरा गट मांडायचा, खालच्या ओळीत बेरीज. तीन जोड्या काढून दिल्या, दर जोडीत तिसऱ्या गटातला एकेक 'एक' पुसला:

पहिली: ००००१००१, बेरीज १०००१०००.
दुसरी: ००१०१०००, बेरीज १०१०११११.
तिसरी: ००१००००१, बेरीज १०१०००००.

यातली एक बंद करेल. अश्विन घरी यायच्या खूप आधी करून पाहा. अन् मन नाही म्हणालं तर करू नको वं. पेटी फेकून दे अन् मले बोलाव.

मामा

प्रताप नगर
१५ मे २०२५

मामाजी,

काल पेटी चालवली. चालवायची नव्हती, पण अकरा वाजता हिमानीचं अंग तापलं आणि ती डोळे मिटून एकसारखी कण्हायला लागली. बारा वाजता लाल बटण दाबलं. बीप आलं. गार हवा आली तेव्हा मी तिला छातीशी धरून एसीखाली उभी राहिले, किती वेळ ते आठवत नाही. एक वाजता ती झोपली, घाम येऊन ताप उतरला.

चार वाजता बंद करायला घेतलं. पहिली जोडी: बीप आलं, झडप हलायची थांबली, गार हवा चालूच. दुसरी: काहीच नाही. पुन्हा दाबलं, जवळ जाऊन दाबलं, काहीच नाही. तिसरी: बीप आलं, थंड बंद झालं, नुसती हवा सुरू. तिन्ही झाल्या आणि एसी फिरतोच आहे.

पाच वाजता ते कॅमेऱ्यातून पाहतात, तेव्हा मी हॉलमध्ये सोफ्यावर दिसले पाहिजे. आत एसी चालू आणि बाहेर मी हिमानीला मांडीवर घेऊन पाऊण तास बसले. तिला खुळखुळा वाजवून दाखवत होते. चेहरा कसा ठेवावा तेच कळत नव्हतं. त्या वेळात एवढं लक्षात आलं की पहिली झडपेची, तिसरी थंडाची, म्हणजे 'चालू'चा एक दुसऱ्या जोडीतच आहे. आणि बीप येत नाही म्हणजे बेरीज चुकली आहे.

पावणेसहाला आत जाऊन दुधाच्या पिशवीवर पेन्सिलीने वजाबाकी मांडली. मामाजी, शेवटी शून्य होतं, तुम्ही शेजारून उसना घेतलात, पण ज्याच्याकडून घेतला तो एक तसाच राहू दिलात. १०१०११११ नाही, १०१००१११. एक खटका खाली केला. बटण दाबलं. बीप आलं आणि एसी थांबला.

पेटी पिशवीत घालून किचनच्या गॅलरीतून दोरीने अरुंधतीताईंकडे सोडली. खिडक्या उघडल्या. पण भिंती थंड झाल्या होत्या, आणि ते साडेसहाऐवजी सहा दहालाच आले.

बूट काढून सरळ बेडरूममध्ये गेले. तळहात भिंतीवर टेकवून उभे राहिले. मग म्हणाले, "मेघा, घर काहून थंड लागून राहिलं?"

मी म्हणाले, फरशीवर पाणी मारलं.

त्यांनी खाली वाकून फरशीला बोट लावलं. कोरडी होती. बोट पाहिलं आणि विचारलं, "कोण आलं होतं?"

कोणी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, हिमानीला कडेवर घेतलं, तिच्याशी बोबडं बोलले. रात्री जेवताना भाजी चांगली झाली म्हणाले. मला त्यांच्या हातातून तिला घ्यायची हिंमत झाली नाही.

आज सकाळी निघताना बाहेरून कुलूप लावून गेले. हे पत्र दोरीने खाली सोडते आहे. अरुंधतीताई पोलिसांना बोलावू का विचारतात. मी नको म्हणाले. पोलीस निघून गेल्यावर माझं काय?

मेघा

पवनी
१९ मे २०२५

मेघा,

तुझा कागद हातात घेऊन बसलो आहे. उसना घेतलेला एक मी सोडून दिला. चाळीस वर्षं हेच काम केलं, अन् तुझ्या वेळेले चुकलो.

पण त्याहून मोठी चूक सांगायची आहे. तू मोहितले लिहू नका म्हणाली तेव्हा माझं पत्र आधीच गेलं होतं. तुझ्या ताईचं एसीचं रिमोट हरवलं, नवं पाहून दे, एवढंच लिहिलं होतं. तुले सांगायची लाज वाटली. म्हणून 'ध्यानात आहे' असं गोलमोल लिहिलं. काल मोहितले खोदून विचारलं. त्यानं २९ एप्रिलले कॅन्टीनमध्ये अश्विनले विचारलं होतं की भाऊजी, ताईले रिमोट आणून देऊ का. दुसऱ्या दिवशी रिमोट बाथरूममध्ये गेलं. तू कुठे चुकली ते आठवत होती, मेघा. तू कुठेच चुकली नाही. मी चुकलो.

आता मोहितले सारं लिहिलं आहे, काही लपवलं नाही. तुले राग येईल, येऊ दे. पुढच्या सोमवारी मी येतो.

मामा

प्रताप नगर
२३ मे २०२५, दुपारी बारा

श्री. धम्मानंदजी यांस नमस्कार.

मी अरुंधती, मेघाची खालची शेजारीण. तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र पवनीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देत आहे, ते तुमच्या दुकानात पोचवतील. मिळताच निघून या.

परवापासून अश्विन नुसतं कुलूप लावून जात नाहीत. जिन्याखाली मीटरच्या पेटीत त्यांच्या घराची वीज बंद करून पेटीलाही कुलूप घालतात. वरती पंखासुद्धा नाही. मी दोरीने बर्फ आणि पाणी पाठवते. काल मेघाला न विचारता पोलिसांना फोन केला. दोन शिपाई संध्याकाळी आले, तोवर अश्विनही कामावरून परतले होते. त्यांनी कुलूप उघडलं, चहा केला, घरात चोरीची भीती म्हणून कुलूप लावतो म्हणाले. मेघा त्यांच्या मागे उभी होती. विचारलं तर म्हणाली, काही तक्रार नाही. शिपाई गेले.

आज सकाळपासून हिमानीचं रडणं ऐकू येत होतं. अकरापासून येत नाही. गॅलरीत हाक मारली, मेघाने खाली पाहिलं पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मोहितला प्लांटमध्ये फोन लावला. तो म्हणाला, मामाचं पत्र काल मिळालं, खिशात आहे, निघालो. मी त्याची वाट पाहते आहे. तो येवो न येवो, साडेबाराला मी गल्लीतल्या लोकांना बोलावणार आहे.

अरुंधती

गांधीबाग, नागपूर
२ जून २०२५

ती. मामाजींना मेघाचा जयभीम.

त्या दिवशी तुम्ही संध्याकाळी पोचलात आणि रात्रभर वॉर्डाबाहेर बसलात. तेव्हा मला काही सांगता आलं नाही. आता लिहिते.

अकरा वाजता हिमानीला पुन्हा झटका आला. या वेळी लांबला. संपला तेव्हा ती सुस्त पडली, हाक मारली तरी बघेना. मी तिला बादलीजवळ घेऊन बसले, पाणी गरम झालं होतं. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. मामाजी, इतकी भीती वाटते तेव्हा माणूस ओरडतं असं मला वाटायचं.

मग दाराबाहेर मोहितचा आवाज आला. "ताई, दरवाज्यापासून दूर हो." तो प्लांटमधून कामाच्या कपड्यातच आला होता, हातात हातोडा. कुलूप सहा-सात घावांत तुटलं. मी दारात उभी राहिले आणि पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे पाहिलं. आता ते बघतात, आता निघतात, असंच मनात होतं. मोहितने दंड धरून ओढलं तेव्हा कॅमेऱ्याचा लाल दिवा बंद असल्याचं दिसलं. त्यांनीच वीज तोडली होती. म्हणून त्यांना आम्ही गेल्याचं संध्याकाळी घरी आल्यावरच कळलं. तोवर हिमानीला सलाईन लागलं होतं.

ती आता बरी आहे. काल भिंत धरून चार पावलं चालली. आम्ही मोहितच्या खोलीत राहतो, खाली कापडाची गोदामं आहेत, दिवसभर गाठोडी उतरत असतात. मोहितने नोकरी सोडली. तुमचं १९ तारखेचं पत्र अरुंधतीताईंनी वॉर्डात आणून दिलं. वाचून एक दिवस तुमचा राग आला. मग आठवलं की मोहितला दुसरं पत्र तुम्ही लिहिलं नसतं तर तो आला नसता. दोन्ही तुमचीच पत्रं आहेत. मी कोणतं कशातून वजा करू?

चौकीत जबाब दिला. लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, मारलं का? नाही म्हणाले. जेवायला दिलं नाही? दिलं. मग काय केलं, तेवढं सांगा. मी म्हणाले, एसीचं रिमोट घेऊन जायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर मी मोडलेलं बटण, कूलर, कुलूप, मीटरची पेटी असं एकेक तारखेसकट सांगत गेले. त्यांनी पेन पुन्हा उचललं. शेवटी तीन पानं झाली.

अश्विन परवा आईकडे गेले होते, मिठाई घेऊन. खूप शांत बोलले. मुलीची काळजी वाटते म्हणाले, भेटण्यासाठी कोर्टात अर्ज केला आहे. आईने मला फोन करून विचारलं, एवढ्या चांगल्या माणसाला कोर्टात उभं करशील का? मी फोन ठेवला आणि किती वेळ दाराची कडी पुन्हा पुन्हा पाहत राहिले. भीती गेलेली नाही, मामाजी. जिन्यात हळू पावलं वाजली की मी हिमानीला उचलते.

तारीख सोळा जूनची आहे, सकाळी अकराची. मी जाणार आहे. ते समोर असतील आणि त्याच आवाजात बोलतील, आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटेल. तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही या. काही बोलू नका, काही करू नका. फक्त मला दिसेल असं बसा.

तुमची
मेघा